विनेशचा वाटा

रेवदंडा, १५ नोव्हेंबर २०२४

आई,

नुसतंच 'आई' लिहिलंय. मागेपुढे काय लावायचं ते तूच लाव. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी भांडते आणि मग घास उतरत नाही, म्हणून कागदावर लिहितेय. चिठ्ठी सुजित आणून देईल. मासळीचा टेम्पो घेऊन तो तळा गावच्या बाजारात येतो, तुमच्या दुकानावरूनच जातो. माणूस बरा आहे. चहा दिलास तर साखर कमी घाल.

बातमी अशी की आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. तेजस्वीआत्यानं उरणहून फर्मान काढलं, हॉल घ्यायचा, केक कापायचा, डीजे आणायचा. आजीनं सगळं ऐकून घेतलं, हातातला बोंबील साफ केला आणि म्हणाली, "केक तुज्या नवऱ्याच्या वाढदिवसाला काप. आमचं लगीन लावाचं तर दारात मांडव घाला, गानारी धवलारीन बोलवा. पयलं लागलं तसंच लागंल, न्हायतर काय नको."

आजोबा म्हणाले, "मनू, ह्या वयात मुंडावळ्या?"

तर म्हणते, "तवा तरी कुठं शोभत व्हत्या तुमाला?"

सगळे हसले. मग आत्यानं बॅनरचा विषय काढला. मधोमध आजी-आजोबा, खाली आम्ही सगळे, आणि कोपऱ्यात बाबाचा फोटो. "हार घालून," असं ती हळूच म्हणाली. आजी उठली ती थेट पडवीत जाऊन बसली. त्या दिवशीचं कालवण मी केलं. खारट झालं. कुणी काही बोललं नाही, त्यावरून समज घरात काय वातावरण होतं.

पडवी म्हटल्यावर तुला तुझी टोपली आठवली असेल. आहे अजून. त्याच खुंटीला, पालथी. आजी ती वापरत नाही, दुसऱ्याला वापरू देत नाही आणि टाकूनही देत नाही.

तुला आमंत्रण नाही हे आधीच सांगते. घरात कार्य असलं की लांबच्या माणसांना कळवतात, तेवढंच समज.

प्रणाली


रेवदंडा, २२ नोव्हेंबर

आई,

चिवडा पोचला. मी खाणार नव्हते. पण सुजितनं वाटेतच अर्धा संपवला होता, उरलेला टाकायचा कशाला म्हणून खाल्ला. तुझ्या चिठ्ठीत एकच ओळ होती, "अजून घालतात का गं वाटा?"

घालतात.

बोट किनाऱ्याला लागली की आजोबा अजूनही स्वतः वाकून वाळूवर मासळीचे वाटे घालतात. गुडघे कुरकुरतात, तरी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. एक वाटा बोटीचा, एक जाळ्याचा, मग माणसागणिक एकेक. आणि शेवटी जरा बाजूला, पाण्याच्या अंगाला, बाबाचा. तो कुणी उचलत नाही. भरती येते आणि घेऊन जाते. आजी लांब उभी राहून बघत असते. पाणी मागे सरलं आणि वाळू कोरी दिसली की म्हणते, "नेलान." मग घरी येते. लोक म्हणतात, त्या वाट्याला कुत्रीसुद्धा तोंड लावत नाहीत. लोकांचं काय, ते बोलायलाच बसलेत. पण मी इतकी वर्षं बघतेय आणि मीही तिथे कधी कुत्रं पाहिलेलं नाही.

यंदा नवा खलाशी आलाय, कोंडाजी नावाचा, म्हसळ्याकडचा. त्यानं मला विचारलं, "ताई, ह्यो बाजूचा वाटा कोनाचा?"

"माझ्या बापाचा."

"मग घेऊन जा की घरी. पानी चढतंय."

त्याला सगळी रीत समजावली. खलाशी दर्यात गेला तर वर्षभर त्याचा वाटा त्याच्या बायकोच्या टोपलीत पडतो. पण आमचा गेलेला नाही. आमचा यायचाय. म्हणून वाटा त्याचा त्यालाच. हे सांगताना मला काहीच वाटलं नाही. कोंडाजी माझ्या तोंडाकडे बघत राहिला, तेव्हा वाटलं.

मला तो दिवस आठवतो. तू समजत असशील मी लहान होते, विसरले. बाबाशिवाय बोट परत आली, आठवडाभर सगळ्या बोटी शोधून थकल्या, आणि मग पुन्हा मासेमारी सुरू झाली. आजोबांनी त्याचा वाटा घातला. तू टोपली घेऊन वाट्यापाशी बसलीस. मी तुझा पदर धरून उभी होते. तू एक पापलेट उचलून टोपलीत ठेवलंस, एकच, आणि आजी धावत आली. "त्यो मेला म्हनतेस? माज्या तोंडावर?" टोपली खेचून घेतलीन. मासळी वाळूत. सगळा कोळीवाडा बघत होता. आजोबा तिथेच उभे होते आणि त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

तू माहेरी तळ्याला गेलीस. मला आजीनं सोडलं नाही. म्हणाली, पोर बापाची वाट बघंल. मग तू तिथे दुसरं घर केलंस. इथे त्याला काय म्हणतात ते तुझ्या कानावर आलंच असेल. नवरा जिता असताना दुसऱ्याच्या घरात बसली. आजी म्हणते, म्हणून आळी म्हणते. शाळेत पोरी माझ्या तोंडावर म्हणायच्या. मी कुणाकुणाची वेणी ओढणार?

तुझ्यावर राग आहे, तो आहेच. पण तू विचारलंस म्हणून सांगितलं.

प्रणाली


रेवदंडा, ३ डिसेंबर

आई,

इथे रोज भांडण आहे. लग्नघर ना.

धवलारीण नीराबाई येऊन गेली. तुझ्या लग्नात तिनंच लग्नाचे धवळे गायले होते म्हणे. आता कंबर वाकलीय, आवाज तेवढा शाबूत आहे. तिनं आजीला रीत सांगितली, म्हणजे आजीला माहीत असलेलंच पुन्हा सांगितलं. हळदीच्या आधी घरातल्या गेलेल्यांना मांडवात बोलवायचं. ती एकेक नाव गाणार, आणि नाव आलं की घरच्या बाईनं केळीच्या पानावर मूठभर तांदूळ ठेवायचे. गेलेले आधी जेवतात, मग लगीन लागतं.

नीराबाई निघाली तेव्हा आत्यानं तिला मागच्या दारी गाठलं. मी भांडी घासत होते. आत्या म्हणाली, "मावशी, सगळ्यांच्या शेवटी आमच्या विनेशचं नाव घ्याल का? एकदा तुमच्या तोंडून निघालं की आईला काही बोलता येणार नाही."

नीराबाई म्हणाली, "न्हाय गो बाय. घरची बाई तांदूळ ठेवल तेचंच नाव मी घेन. नाव घेतला नि तांदूळ न्हाय पडला, तर त्यो मांडवाच्या भायेर उपाशी उभा रहंल. असं पाप मना नको."

माझ्या अंगावर काटा आला. आणि काटा आला म्हणून मी जास्तच ओरडले. "माझ्या बापाला मारायला मांडव घालताय का तुम्ही?" हातातलं पातेलं आपटलं. आत्या भडकेल असं वाटलं होतं. ती मोरीच्या कडेलाच बसली आणि म्हणाली, "भाऊ होता गं माझा. मला रडायचंय. चौदा वर्षं झाली, ह्या घरात मला कुणी रडू दिलेलं नाही." तिचा तो उरणचा थाट, सोन्याच्या पाटल्या, सगळं होतं अंगावर, आणि नाक पुसायला पदर सापडत नव्हता. मी तिला माझी ओढणी दिली.

कोंडाजी सोडून गेला. जाताना म्हणाला, "ताई, तुमचा आजा चांगला तांडेल हाय, पन बोटीवर एक मानूस जास्ती हाय." आजोबा सुकाणू धरून पुढे नाळेकडे, बोटीच्या टोकाकडे बघत बोलतात म्हणे. "विनू, दोर सोड. विनू, बघ रे, जाळं अडकलं." पहिल्यांदा कोंडाजीला वाटलं, म्हातारा माणूस आहे, चालायचंच. मग एकदा आजोबा म्हणाले दोर सोड, आणि ह्यानं पाहिलं तर दोर सुटलेला होता. नाळेवर कुणी नव्हतं. त्याच्या आधी गेले तेही असंच काहीतरी सांगून गेले. आता जुना मोरू तेवढा उरलाय आणि त्याला ऐकू कमी येतं, म्हणून तो टिकलाय. दोघांनी बोट चालत नाही. आजोबा म्हणतात, "मी हाय, मोरू हाय, विनू हाय. बस झाले." हे ते हसत म्हणत नाहीत, आई.

मी काय म्हणते ते नीट ऐक. मला भूतबीत खरं वाटत नाही. पण घरी कालवण वाढताना मी आजही एक ताट जास्त घेते आणि मग परत ठेवते.

सुजितच्या घरचे येऊन विचारून गेले. कशाबद्दल ते तू विचारू नकोस. आजीनं त्यांना चहा दिला, गोड बोलली आणि म्हणाली, "हिचा बापूस येऊं दे. तेच्या हातानं द्याचीय पोर." बिचारे कपबशी खाली ठेवून उठले. सुजितच्या आईनं जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला तो हात आवडला नाही. म्हणजे आवडला, पण अशा पद्धतीनं नको होता.

लग्न आठ तारखेला, रविवारी. त्या दिवशी सकाळी सुजितचा टेम्पो तळ्याहून रिकामाच परत येणार आहे. मी नुसतं सांगून ठेवलं. त्याचा अर्थ काही नाही.

प्रणाली


रेवदंडा, ९ डिसेंबर

आई,

तू साळावच्या पुलापर्यंत आलीस. सुजितनं सांगितलं. हिरवी साडी नेसली होतीस, पुलावर टेम्पो थांबवायला लावलास, उतरून खाडीच्या तोंडाकडे बघत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मी इथूनच परत जाते रे." तो तुला समजावत राहिला आणि तू रोह्याच्या गाडीत चढलीस. मी त्याच्यावर खूप ओरडले. त्याचा काय दोष!

तू यायला हवी होतीस. काय झालं ते मला कागदावर सांगावं लागतंय, हे काही बरं नाही.

मांडव छान झाला होता. केसरकाकीनं शेजारधर्म म्हणून तिच्या दारापर्यंत तोरण नेलं. आजोबांना हळद लावताना आत्याचा नवरा म्हणाला, "सासरेबुवा, आता पळता येणार नाही," आणि आजी म्हणाली, "पळून जाणार कुठं, गुडगं हायत कुठं?" हसण्यात वेळ गेला. मग नीराबाईनं सूप मागितलं, पान मांडलं आणि एकेक नाव गायला लागली.

आजोबांचे वडील बाबाजी तांडेल. तांदूळ. त्यांची आई. तांदूळ. चुलते, आजीकडचे आईबाप. तापानं गेलेली ती आजीची दुसरी मुलगी, आत्याच्या पाठची. तिच्या नावाला आजीनं मूठ जरा जास्त भरली. नीराबाई थांबली, पाणी प्यायली. झालं होतं सगळं. वाजंत्रीवाल्यानं काठी उचलली.

आणि आजीचा हात पुन्हा सुपात गेला.

तिनं मूठ भरली आणि पानावर ठेवली. बाकीच्यांच्या ओळीत नाही. जरा बाजूला, समुद्राच्या अंगाला, आजोबा किनाऱ्यावर ठेवतात तशी. मला वाटतं, तिलाही आपण काय केलं ते हात मागे आल्यावर कळलं. 

नीराबाईनं विचारलं, "मनू, ह्यो कोनाचा?"

आजीनं सूप खाली ठेवलं.

"सांग गो. बिननावाचा तांदूळ मांडवात ठेवाचा नसतो."

आजीनं आजोबांकडे बघितलं. मुंडावळ्या बांधलेले, तोंडाला हळद, असे ते पाटावर बसलेले. आजी म्हणाली, "तुमी सांगा. तुमी व्हता तिथं."

आजोबांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "धरला व्हता मी त्याला. जाळ्याबरोबर गेला, मी मनगाट धरला. लाट आली. परत धरला. मना म्हनाला, बाबा, सोडू नको." आणि थांबले. मोरूला काही ऐकू गेलं नसणार, पण तो उठून आजोबांच्या मागे येऊन उभा राहिला. "सुटला, मनू. मी सोडला न्हाय. सुटला."

"मंग?"

"मंग गेला."

चौदा वर्षांत हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला.

आजी म्हणाली, "मना ठावं व्हतं." आरडाओरडा नाही, काही नाही. आजोबांचा हळदीचा हात तिनं आपल्या हातात घेतला. "तवापासून झोपंत तुमची मूठ उघडत न्हाय. शेजारी निजते मी. मना कळत न्हाय व्हय? तुमी बोललाव न्हाय, म्हनून मीबी म्हनत रहले, यायचाय, यायचाय. तुमच्यासाटी म्हनत रहले."

आणि आजोबा म्हणाले, "मी तुज्यासाटी वाटा घालत व्हतो."

आई, ऐकलंस? दोघंही. एकमेकांसाठी. पन्नास वर्षं एका चुलीवर जेवलेली माणसं! मला त्यांचा इतका राग आला की मी उठून बाहेर जाणार होते. पण आत्यानं हंबरडा फोडला आणि मला तिला धरावं लागलं. ती रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "बरं झालं गं बाई, बरं झालं."

मग नीराबाईनं बाबाचं नाव गायलं. विनेश दादू, तांडेलाचा ल्योक, ये रे मांडवाच्या दारी. किती साधं गायलं. त्याच क्षणी वारा आला आणि तोरण हललं. डिसेंबरात संध्याकाळी वारा येतोच, मला ठाऊक आहे. तरी सगळ्यांनी दाराकडे बघितलं. मीही बघितलं.

त्यानंतर लग्न लागलं. अंतरपाट धरला, अक्षता टाकल्या, आजीनं हार घालताना आजोबांना मान वाकवायला लावली. सगळं रीतसर झालं.

माझा बाप काल वारला, आई. काल, आणि चौदा वर्षांपूर्वी. माझ्या बाजूला तू पाहिजे होतीस. पुलावर काय होतं एवढं बघण्यासारखं?

प्रणाली


रेवदंडा, १२ डिसेंबर

आई,

हे पत्र टोपलीत वर ठेवलंय, प्लास्टिकच्या पिशवीत. खाली बर्फ आहे आणि बर्फाखाली मासळी. आधी हे वाच आणि मग काढ. पण फार वेळ लावू नकोस.

आज बोट गेली होती. कोंडाजी परत आलाय. केसरकाकीच्या भावानं त्याला मांडवातलं सगळं सांगितलं, तर सकाळी स्वतःहून हजर. किनाऱ्याला लागल्यावर मी त्याला हळूच विचारलं, "आजोबा बोलत होते का नाळेशी?" म्हणाला, "न्हाय ताई. पन जाळं वढताना एकदा रडले. मोरूदादानं बिडी दिली त्यास्नी."

आजोबा वाटे घालायला वाकले. बोटीचा, जाळ्याचा, माणसांचे. मी आणि आजी लांब उभ्या होतो. सगळ्यांचे झाले आणि त्यांचा हात थांबला नाही. बाजूला, पाण्याच्या अंगाला, बाबाचा वाटा पडला. कोंडाजीनं मान खाली घातली. मी मनात म्हटलं, झालं, मांडवातलं सगळं पाण्यात गेलं.

आजोबांनी वर बघितलं, ते आजीकडे. आजी घरी गेली. गेली ती परत आली तेव्हा तिच्या काखेत तुझी टोपली होती. खुंटीवरून काढलेली, जाळी-जळमटं तशीच. तिनं ती समुद्राच्या पाण्यात धुतली. मग वाट्यापाशी बसली, तू बसली होतीस तशी, आणि एकेक मासा टोपलीत घातला. पापलेट, बोंबील, मांदेली, कोळंबी. भरती घोट्याला लागली तरी उठली नाही. सगळा कोळीवाडा बघत होता. तिला तेच पाहिजे होतं, मला वाटतं. तेव्हाही सगळ्यांनी बघितलं होतं ना.

मग मोठ्यानं म्हणाली, "ह्यो रचनाचा हाय. खलाशी गेला तर वाटा बायकोचा. वरीसभर द्याला लागंल. आमी उशीर केला."

रचनाचा, म्हणाली. तुझं नाव तिनं घेतलं.

पाणी रोजच्या जागेपर्यंत चढलं, जिथे वाटा असतो तिथपर्यंत. तिथे काही नव्हतं. जरा घुटमळलं असं मला वाटलं, आणि मागे गेलं. आजी त्या कोऱ्या वाळूकडे बघत होती. या वेळी "नेलान" म्हणाली नाही. पदर तोंडाला लावलान आणि मग रडली. पहिल्यांदाच रडली. आजोबा तिच्या शेजारी पाण्यातच बसले. त्यांना उठवायला मला आणि कोंडाजीला दोघांना हात द्यावा लागला.

घरी आल्यावर बर्फ भरताना मी म्हटलं, "आजी, तिकडे तिचे मिस्टर आहेत." तर म्हणते, "माळकरी न्हाय ना त्यो? मंग खाऊं दे त्यालाबी." एवढंच. वर मला विचारते, तळ्याला आमसुलं बरी मिळतात का, नाहीतर इथली घाल दोन. घातलीत. कागदाच्या पुडीत आहेत.

आणखी एक. मी म्हटलं, टोपली सुजित पुढच्या खेपेला परत घेऊन येईल. आजी म्हणाली, "सुजितच्या बायकोची हाय काय ती टोपली?" आणि माझ्याकडे अशी बघितलीन की मी बर्फात हात घालून गप्प बसले. मग म्हणाली, "जिची हाय तिनं घेऊन यावी. सांग तिला. पुलावर थांबाचं काम न्हाय."

रिकामी आणू नकोस. तुझा चिवडा चालेल.

तुझी,
प्रणाली